टॅबलेटवरचं माझं घड्याळ एक तास पुढे का?

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

टॅबलेट बिघडलेला नाही. हे आधी लिहिते, कारण बाबा तो कपाटात टाकायला निघालेत असं आई म्हणाली. त्यावरचं तुमचं घड्याळ बरोबर आहे. शेजारचं माझं, म्हणजे मी राहते तिथली वेळ दाखवणारं घड्याळ तेवढं एक तास पुढे पळतंय. म्हणून तर, मी घरी पोचले असेन अशा हिशेबाने आई फोन करते तेव्हा मी अजून ऑफिसात मीटिंगमध्ये असते. बाबा, सेटिंगमध्ये जाऊन हाताने वेळ बदलू नका. माझं घड्याळ बरोबर होईल आणि तुमचं चुकेल.

झालंय असं, की इथल्या सरकारने उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे न्यायची पद्धत बंद केली आणि टॅबलेटला ते कळलंच नाही. कंपनीने या मॉडेलची अपडेट्स थांबवली तेव्हा जुना नियम चालू होता, आणि तो बिचारा अजून इमानेइतबारे तोच पाळतोय. पडदा, बॅटरी, स्पीकर सगळं ठणठणीत आहे. शिळी आहे ती फक्त माहिती. आपल्याच वाट्याला हे आलंय असंही नाही. मेक्सिकोने 2022 च्या ऑक्टोबरात ही पद्धत मोडीत काढली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये तिथले कितीतरी फोन जुन्या सवयीने आपोआप एक तास पुढे गेले. अँड्रॉइडच्या 8.1 या आवृत्तीपासून वेळेचे नियम बाकीच्या सिस्टिमला हात न लावता बदलायची सोय झाली. आपला टॅबलेट त्याच्या आधीचा.

बाबा, तुम्ही विचारलंत की वेळ इंटरनेटवरूनच येते ना, मग चुकते कशी? येते ना, पण येते ती यूटीसी, म्हणजे सगळ्या जगाची मिळून एकच वेळ. त्यावरून इथे किंवा तुमच्याकडे आत्ता किती वाजलेत ते काढायला नियमांचं कोष्टक लागतं, आणि ते नियम सूर्य ठरवत नाही, सरकारं ठरवतात.

ते कोष्टक म्हणजे काही साध्या मजकुराच्या फाइली आहेत. अँड्रॉइड, आयफोन, लिनक्स सगळे त्यांच्यावरच चालतात. विंडोज तेवढं आपलं वेगळं कोष्टक ठेवतं. 1980 च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकेतल्या आरोग्य संशोधन संस्थेतल्या माणसाने ते सुरू केलं. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकवणारे पॉल एगर्ट ते सांभाळू लागले. बाकी जगभरातले हौशी लोक ईमेलवरून कळवत असतात, की आमच्या सरकारने असा असा आदेश काढला, हा घ्या दुवा. कुठलं मंत्रालय नाही, इमारत नाही, शिक्का नाही. मला हे कळलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग जरा भीतीच वाटली.

आता रविवारी वेळ मिळाला की मी त्या फाइली उघडून बसते. (आई, हो, बाहेरही जाते.) नियमाच्या एकेका ओळीत रकाने असतात: नियमाचं नाव, कुठल्या वर्षापासून, कुठल्या वर्षापर्यंत, महिना, वार, किती वाजता, किती पुढे. युरोपची ओळ वाचा: 1981 पासून, मार्च, शेवटचा रविवार, यूटीसीप्रमाणे रात्री एक वाजता, एक तास. आणि ‘कुठपर्यंत’च्या रकान्यात ‘मॅक्स’. म्हणजे पुढे कायम! मुळात घड्याळ पुढे करायचा हा उद्योग अख्ख्या देशात पहिल्यांदा जर्मनीने केला तो 1916 साली, युद्धात कोळसा वाचावा म्हणून. तो कोळसा केव्हाच संपला. 2018 मध्ये युरोपियन आयोगाने लोकांना विचारलं, हे चालू ठेवायचं का? 46 लाख उत्तरं आली आणि 84 टक्के लोक म्हणाले, बंद करा. 2019 च्या मार्चमध्ये युरोपियन संसदेनेही 2021 पासून बंद करायच्या बाजूने मत दिलं. त्यानंतर सदस्य देशांचं घोडं जे अडलं ते अडलंच. ‘मॅक्स’ जागच्या जागी आहे. बाबा, इथे मी तुमच्या बाजूची आहे. चर्चा, समित्या, मसुदे, आणि शेवटी काहीच नाही, हा तुमचा राग मला समजतो.

पण त्यावर तुमचं जे नेहमीचं औषध असतं, की एक कणखर माणूस बसवा, तो झटपट निर्णय घेईल, त्यावर मला लेबनॉनचं सांगायचंय. 2023 च्या मार्चअखेरीस तिथे घड्याळं पुढे व्हायची होती. अवघे दोन-तीन दिवस उरले असताना पंतप्रधान नजीब मिकाती यांनी जाहीर केलं, की रमजान संपेपर्यंत थांबायचं. मॅरोनाइट चर्चने ऐकायला नकार दिला, काही टीव्ही वाहिन्यांनी नकार दिला. सरकारी कचेऱ्यांची वेळ एक आणि चर्चची दुसरी. एवढ्याशा देशात एकाच वेळी दोन वेळा! फोनांची तर आणखी तिसरीच तऱ्हा, कुणाचा पुढे गेला, कुणाचा नाही. आपल्या कोष्टकवाल्यांनी घाईघाईने सरकारी निर्णयाप्रमाणे ‘2023बी’ ही आवृत्ती काढली. चार-पाच दिवसांत सरकारने माघार घेतली. मग ‘2023सी’ निघाली, आणि तिच्यातली माहिती ‘2023ए’मधलीच होती, जशीच्या तशी. पाहिजे तर याला निर्णयक्षमता म्हणा.

याच्या उलट सामोआ. हा पॅसिफिकमधला चिमुकला देश 1892 पासून तारखेच्या रेषेच्या अमेरिकेकडच्या बाजूला होता. व्यापार सगळा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी, आणि इथे शुक्रवार असला की तिथे शनिवारची सुट्टी लागलेली. त्यांनी 2011 च्या मे महिन्यातच सांगून टाकलं, की वर्षाच्या शेवटी आम्ही रेषेच्या पलीकडे उडी मारणार. आणि मारली. गुरुवार 29 डिसेंबरनंतर थेट शनिवार, 31 डिसेंबर. अख्खा शुक्रवार त्यांच्या इतिहासात नाही! निर्णय लेबनॉनच्या कितीतरी पट धाडसाचा, पण तयारीला सगळ्यांना महिनोन्‌महिने मिळाले. कोष्टकवाल्यांची सरकारांना विनंती एवढीच असते, की खूप आधी कळवा आणि कायद्याचा दाखला द्या. मला राजकारणात सध्या एवढीच एक मागणी सुचते. निर्णय मोठा घ्या, धाडसी घ्या, पण सगळ्यात जुनं यंत्र ज्याच्या हातात आहे त्याच्यापर्यंत तो पोचायला वेळ द्या. घाईचा भुर्दंड नेहमी त्याच माणसाला बसतो. तो निर्णय घेणाऱ्यांच्या खोलीत कधीच नसतो, आणि तुम्ही दोघंही नव्हतात.

आई, तू मागे म्हणाली होतीस, की कॉम्प्युटरवाल्यांनी तरी राजकारणापासून लांब राहावं. त्यांनाही तेच हवंय, पण जमत नाही ना! चीनमध्ये 1949 पासून सरकारी वेळ एकच, बीजिंगची. पश्चिमेकडच्या शिनजियांगमध्ये सूर्य दोन तास उशिरा उगवतो, म्हणून तिथले बरेच लोक, विशेषतः उईघुर, दोन तास मागची वेळ धरतात. घड्याळात किती वाजलेत यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते कळतं. मग शिनजियांगची राजधानी उरुम्ची, तिच्या ओळीत काय लिहायचं? उत्तर कोरियाने 2015 मध्ये जपानी राजवटीची खूण पुसायची म्हणून घड्याळं अर्धा तास मागे घेतली, आणि 2018 मध्ये दक्षिणेशी गोडी जमवताना पुन्हा पुढे केली. देश फुटतात, नावं बदलतात, म्हणून कोष्टकवाल्यांनी वेळेच्या विभागांना सहसा देशांऐवजी शहरांची नावं दिली. तरी सुटका नाही. युक्रेनच्या राजधानीचं स्पेलिंग कित्येक वर्षं रशियन उच्चाराप्रमाणे ‘कीएव्ह’ होतं, ते 2022 मध्ये युद्ध पेटल्यावर ‘कीव्ह’ झालं. त्यांचं धोरण असं, की हक्क कुणाचा यात आम्ही पडत नाही, तिथल्या लोकांच्या घड्याळात काय वाजलंय ते लिहितो. हीसुद्धा एक बाजूच झाली. पण याहून प्रामाणिक बाजू मला तरी माहीत नाही.

आणि हे तुला आवडेल. 2011 मध्ये ज्योतिषाची सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने ओल्सन आणि एगर्ट या दोघांवर दावा ठोकला. कुंडली मांडायला जन्माच्या दिवशी त्या गावात नेमकी कुठली वेळ चालत होती ते लागतं. तसल्या जुन्या नोंदींचा मोठा संग्रह त्या कंपनीकडे होता आणि कोष्टकात त्यातली माहिती घेतली होती. कंपनी म्हणाली, हक्क आमचा. काही दिवस जगाचं कोष्टक बंद! मग इंटरनेटवरची नावं-पत्ते सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेने ते आपल्या पंखाखाली घेतलं, आणि 2012 मध्ये कंपनीने दावा मागे घेतला. अमुक साली घड्याळ किती पुढे होतं ही घडलेली गोष्ट आहे, तिच्यावर मालकी कसली सांगता? बाबा, सरकारवर नजर ठेवायला हवी हे तुम्ही मला शिकवलंत. पुरेसं नाही ते. अपडेट थांबवणारी कंपनीही तुमच्यावर राज्यच करते, आणि तिला मत द्यायला कुणी बोलावत नाही.

आता टॅबलेटचं. माझ्या घरी एक जुना लॅपटॉप लिनक्स टाकून कोपऱ्यात चालू ठेवलाय. त्यावर मी एक छोटं पान बनवलंय, दोन मोठी घड्याळं, एक तुमचं आणि एक माझं. नियम लॅपटॉपवर लागू होतात, आणि तिथलं कोष्टक ताजं असतं. टॅबलेटने फक्त पाटीसारखं ते दाखवायचं. त्यातला मूळचा ब्राउझर हे पान उघडणार नाही, कारण नवी सुरक्षा प्रमाणपत्रं त्याला ओळखता येत नाहीत. मी आले होते तेव्हा टाकलेला फायरफॉक्स उघडा, तो प्रमाणपत्रांची स्वतःची यादी बाळगतो. त्यात ‘घड्याळ’ नावाची खूण करून ठेवली आहे, तिच्यावर बोट ठेवा.

कधी आकड्यांऐवजी दोन आडव्या रेघा दिसल्या तर घाबरू नका. लॅपटॉपशी संपर्क तुटला की वेळ दाखवायचीच नाही, असं मी मुद्दाम केलंय. चुकीची वेळ छातीठोकपणे दाखवणारी यंत्रं घरात आधीच पुष्कळ आहेत. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात कोष्टकाची आवृत्ती दिसेल. बाबा, चष्मा लावून तेवढी वाचा आणि मला कळवा, म्हणजे ताजं पान पोचलं की नाही ते समजेल.

कणखर माणसाबद्दल तुमचं जे म्हणणं असेल ते मात्र लिहूनच पाठवा. फोनवर तुम्ही मला मधे बोलू देत नाही.

तुमची,
लेक