ताज्या सिरमची नोंद राहिली

महोदय,

रोगप्रतिकारशक्तीवरील लेखात जंतूंचा नायनाट पांढऱ्या पेशी करतात, एवढेच आले आहे. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांचे ते निरीक्षण खरेच, पण त्यांच्याच पॅरिसमधील प्रयोगशाळेत बेल्जियन शास्त्रज्ञ ज्यूल बोर्दे यांनी १८९५ मध्ये जे दाखवले, ते सुटले.

कॉलऱ्याचे जंतू टोचून प्रतिकारक्षम केलेल्या प्राण्याचे ताजे सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) परीक्षानळीत त्या जंतूंना विरघळवते. तेच सिरम साधारण ५५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवले, की जंतूंच्या गुठळ्या होतात, पण ते विरघळत नाहीत. मग त्यात काहीही न टोचलेल्या प्राण्याचे थोडे ताजे सिरम घातले, की विरघळणे पुन्हा सुरू! म्हणजे घटक दोन: उष्णता सोसणारी प्रतिपिंडे (टोचल्यावर त्या जंतूंविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रथिने), आणि मुळातच रक्तात असलेले, तापवल्यावर निकामी होणारे कॉम्प्लिमेंट (प्रतिपिंडांना साथ देणारी प्रथिने). नुसते साधे सिरम वापरलेली तुलनेची नळी नसेल, तर या प्रयोगाला अर्थ उरत नाही. सिरम शिळे असले तरी प्रयोग फसतो आणि दोष उगाच प्रतिपिंडांवर येतो.

स्टॅफिलोकोकससारखे जाड भित्तिकेचे जंतू मात्र असे विरघळत नाहीत. तिथे सिरम जंतूंवर लेप चढवते आणि पेशी त्यांना गिळतात. हे राइट आणि डग्लस या संशोधकांनी १९०३ मध्ये लंडनमध्ये दाखवले. जंतूंना मारते कोण, पेशी की सिरम, हा तेव्हाचा वाद (आणि तो चांगलाच कडवट होता) इथे निम्मा मिटला. बोर्दे यांना नोबेल मिळाले ते १९१९ चे. आजही अनेक प्रयोगशाळांत चाचणीआधी सिरम ५६ अंशांवर ३० मिनिटे ठेवतात, ते कॉम्प्लिमेंट घालवण्यासाठीच.

– सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे