जाडी काचेसकट सांगा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या गणेश चवथीच्या पुरवणीत मनगटी घड्याळांच्या जाहिराती पानभर होत्या. डायलचा रंग, पट्टा, हप्ते, व्यास ४१ मिमी, सगळं छापलेलं. जाडी एकीतही नव्हती. तेवढ्यासाठी हे पत्र.

गेल्या वर्षी असाच फोटो पाहून मी एक ऑटोमॅटिक घड्याळ मागवलं. समोरून पाहिलं तर फुगीर उंडा पाव आणि चपाती दोन्ही गोलच. हातात बांधलं तर शर्टाच्या बाहीचं बटण लागेना. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना दोनदा तिच्या लाकडी चौकटीवर आपटलं. सगळी नोकरी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे घरात जाडी मापायचा एक जुना व्हर्निअर आहे. लावून पाहिला. मागच्या झाकणापासून काचेच्या माथ्यापर्यंत १३.६ मिमी, काचेभोवतीच्या रिंगपर्यंत ११.४. म्हणजे २.२ मिमी नुसता काचेचा फुगवटा! विक्रेत्याला विचारलं, तर उत्तर आलं, ‘साडेअकरा, काच वगळून.’ माणसाची उंची डोकं वगळून सांगावी, तसलाच प्रकार.

म्हापशाच्या बाजारातल्या घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावून घड्याळ उलटं केलं आणि म्हणाला, ‘‘बाब, मशीन दाट न्हय, कांच दाट. फुडेंय आनी फाटल्यानय.’’ मागचं झाकणही काचेचं, आतलं मशीन दिसावं म्हणून. काच ठिसूळ, तेवढाच दाब सोसायला ती स्टीलपेक्षा जाड लागते. वर ती बसवायला रिंग आणि वायसर. त्याच्याकडे त्याच आट्यांचं साधं स्टीलचं झाकण होतं. दोन्ही मापली: काचेचं २.६, स्टीलचं १.७. एवढं करून त्या काचेतून दिसतं काय? अर्धं मशीन रोटरखाली, म्हणजे हात हलला की फिरून चावी देणाऱ्या वजनाखाली, झाकलेलं, आणि तेही घड्याळ हातातून काढल्यावर. उकाड्यात घामाने ती काच मनगटाला चिकटते ते वेगळंच. मी स्टीलचं झाकण बसवून घेतलं. बाहीचं बटण आता लागतं, जरा ओढून.

वरची काचही सपाट करून दे म्हटलं, तर त्याने मान हलवली. सेकंदकाट्याची मधली पिन त्या फुगवट्याच्या पोकळीत आहे, सपाट काच खाली बसवली तर काटा घासून अडेल. हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हा फुगीर काच म्हणजे निव्वळ नखरा नव्हे. कडेला उतार असल्याने बाही तिच्यावरून सरकते तरी; उभ्या कडेच्या जाड सपाट काचेला ती अडकून बसते. वडिलांच्या एचएमटीची काचही फुगीरच होती, पण ॲक्रिलिकची. ओरखडा उठला की ते टूथपेस्ट लावून फडक्याने घासत बसायचे. सफायरच्या, म्हणजे कृत्रिम नीलमाच्या, काचेवर सहसा ओरखडा उठत नाही. मोह्सच्या मापात तिची कठिणता दहापैकी ९. आपटली तर मात्र फुटते.

सगळी घड्याळं टायटन एजसारखी साडेतीन मिलिमीटरची असावीत, असं माझं म्हणणं नाही. ते सेलवर चालणारं, त्यात रोटर नाही. ग्रँड आयलंडजवळ समुद्रात बुडी मारणाऱ्याला जाड काच आणि जाड झाकण हवंच, पाण्याचा दाब असतो. माझं घड्याळ फार तर नळाखाली भिजतं.

मागणी एका ओळीची आहे. काचेच्या माथ्यापासून झाकणापर्यंत पूर्ण जाडी किती, वरची काच सपाट की फुगीर, आणि मागे स्टील की काच, एवढं जाहिरातीत छापावं. जमलं तर बाजूने काढलेला एक फोटोही. दिवाळीच्या पुरवणीसाठी जाहिराती घेताना आपल्या जाहिरात विभागाने विक्रेत्यांना एवढं विचारावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, म्हापसा