रूळ कुणाच्या मालकीचा हे नंतर, आधी तो तपासतं कोण?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या वाचकपत्रांच्या पानावर बरेच दिवस समाजवाद विरुद्ध खाजगीकरण असा सामना रंगलाय, वाचायला मजा येते, पण एक गोष्ट सारखी खटकतेय म्हणून लिहितोय. एका बाजूचे म्हणतात सरकारी म्हटलं की आळस, वशिला आणि टेबलाखालचे पैसे, दुसऱ्या बाजूचे म्हणतात खाजगी म्हटलं की लूट, आणि दोघंही आपल्या सोयीची उदाहरणं काढतात त्यामुळे कुणी हरतच नाही. पाणी, रेल्वे, वीज, दवाखाने यांचं रोजचं काम कसं चालतं, बिघाड झाला तर तो आधी कुणाच्या लक्षात येतो आणि ज्याच्या लक्षात येतो त्याचं कुणी ऐकतं का, याबद्दल एक अक्षर नाही.

सरकारने सेवा दिली म्हणजे समाजवाद आला असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा इतिहास चाळावा. जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क, त्याने 1878 मध्ये समाजवाद्यांच्या संघटना आणि सभांवर बंदी घातली आणि त्याच बिस्मार्कने 1883 मध्ये कामगारांसाठी सक्तीचा आजारपणाचा विमा आणला. बर्मिंगहॅमचा महापौर जोसेफ चेंबरलेन स्क्रूच्या धंद्यात पैसा कमावलेला माणूस, त्याने 1870 च्या दशकात खाजगी गॅस आणि पाणी कंपन्या शहरासाठी विकत घेतल्या, कारण त्याला हिशोब कळत होता की गॅसचा नफा शहराच्या तिजोरीत येईल आणि चांगल्या पाण्याने रोगराई कमी होईल. बाजाराचे कट्टर वकील हायेक, त्यांनीसुद्धा 1944 मध्ये आजारपण आणि अपघातासाठी सरकारने विम्याची व्यवस्था उभी करायला मदत करावी याच्या बाजूने लिहिलंय. तेव्हा हा वाद इथेच सोडू आणि रुळावर येऊ, म्हणजे अक्षरशः रुळावर.

ब्रिटनने 1990 च्या दशकात रेल्वेचं खाजगीकरण केलं. रूळ आणि सिग्नल एका कंपनीकडे गेले, तिचं नाव रेलट्रॅक, गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांकडे, आणि रुळांची देखभाल आणखी तिसऱ्याच ठेकेदारांकडे. कागदावर एकदम चोख, प्रत्येकाचं काम ठरलेलं, प्रत्येकाशी करार. 17 ऑक्टोबर 2000 ला लंडनहून लीड्सला निघालेली गाडी हॅटफिल्डजवळ रुळावरून घसरली, 4 माणसं गेली. कारण काय, तर चाक रुळाच्या आतल्या वरच्या कडेवर जिथे घासतं तिथे बारीक चिरा पडतात, गाड्यांच्या सततच्या भाराने त्या हळूहळू खोल जातात आणि एक दिवस रूळ फुटतो. हा तर 300 पेक्षा जास्त तुकडे होऊन फुटला. आणि राग येण्यासारखी गोष्ट म्हणजे तो रूळ खराब झालाय हे आधीपासून माहीत होतं, बदलायचंय असं ठरलंही होतं, बदलला मात्र गेला नव्हता. ठेकेदार आणि मालक यांच्यामधल्या फायलींच्या ये-जा मध्ये ते काम अडकून पडलं.

पण माझ्या मते खरी गोष्ट त्याच्यानंतर सुरू होते. अपघातानंतर रेलट्रॅकला हेच सांगता येईना की अशा चिरा अजून कुठे कुठे आहेत! ज्यांना रूळ नुसता बघून कळायचा ती इंजिनियर मंडळी पांगली होती आणि माहिती ठेकेदारांच्या दप्तरात. मग घाबरून देशभर हजारापेक्षा जास्त ठिकाणी वेगमर्यादा लावल्या, कित्येक महिने गाड्यांचा बोऱ्या वाजला, आणि 2001 मध्ये रेलट्रॅक दिवाळखोरीच्या प्रशासनात गेली. तिच्या जागी आलेल्या नेटवर्क रेलने पहिल्या मोठ्या निर्णयांत काय केलं तर देखभाल ठेकेदारांकडून काढून परत आपल्या माणसांकडे घेतली.

आता समाजवादी वाचक खूश झाले असतील, त्यांनी जरा थांबावं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट शहर घ्या. तिथे पाणीपुरवठा सरकारी, पाण्याचा स्रोत बदलायचा निर्णय सरकारी, तपासणारं खातंही सरकारी, नफा कमावणारा कुणी नाही. एप्रिल 2014 मध्ये पैसे वाचवायला शहराला नदीचं पाणी द्यायला सुरुवात केली आणि पाइप गंजू नयेत म्हणून पाण्यात जे रसायन घालायला हवं तेच घातलं नाही. जुन्या पाइपांमधलं शिसं थेट लोकांच्या नळाला. ऑक्टोबर 2014 मध्ये तिथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्याने हे पाणी घेणं बंद केलं कारण इंजिनाचे भाग गंजायला लागले होते, म्हणजे लोखंडाला चालेना ते पाणी पोरंबाळं वर्षभर पीत राहिली! आणि तपासणी कशी, तर लोकांना सूचना की नमुना घ्यायच्या आदल्या रात्री काही मिनिटं नळ सोडून ठेवा. तसं केलं की साचलेलं शिसं वाहून जातं आणि रिपोर्ट छान येतो. राज्याच्या खात्याने वॉशिंग्टनच्या पर्यावरण संस्थेलाही कळवलं की गंज रोखायची उपाययोजना चालू आहे, जी चालू नव्हती. शेवटी बाहेरच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी पाणी तपासलं आणि एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी मुलांच्या रक्तातलं शिसं दाखवलं, तेव्हा कुठे ऑक्टोबर 2015 मध्ये पुरवठा बदलला. खातं त्याआधी त्यांनाच खोटं ठरवायच्या मागे होतं.

म्हणजे एक खाजगी, एक सरकारी, आणि रोग तोच. ज्याला कळतं तो निर्णयाच्या जागी नाही आणि ज्याच्यावर नजर ठेवायची तोच स्वतःचे मार्क देतोय. इंग्लंडमध्ये तर पाणी कंपन्यांना सांडपाण्याचे नमुने स्वतःच घेऊन स्वतःच कळवायची मुभा दिली होती. त्यातल्या सदर्न वॉटरला 2021 मध्ये 9 कोटी पौंड दंड झाला, कशाबद्दल, तर वर्षानुवर्षं समुद्रात घाण सोडल्याबद्दल. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय.

चांगली उदाहरणंही दोन्हीकडे आहेत आणि बघितली तर त्यातही हेच दिसतं. जपानने 1987 मध्ये सरकारी रेल्वे मोडून कंपन्या केल्या, तेव्हा तिच्यावर सुमारे 37 लाख कोटी येन कर्ज होतं. मोठ्या शहरांच्या पट्ट्यातल्या कंपन्या झकास चालल्या (कर्जाचा मोठा भाग करदात्यांच्या माथी आला आणि होक्काइदोची कंपनी अजून तोट्यात आहे, हे मात्र खाजगीकरणवाले सांगायला विसरतात), पण तिथे रूळ आणि गाड्या साधारणपणे एकाच कंपनीकडे ठेवले, त्यामुळे रुळाची माहिती आणि रुळाची जबाबदारी एकाच घरात राहिली. उलट पॅरिसने 1985 पासून पाणीवाटप दोन खाजगी कंपन्यांकडे दिलं होतं ते 2010 मध्ये परत घेतलं आणि पुढच्या वर्षी दर 8 टक्क्यांनी कमी केले.

माझं मत विचाराल तर पाण्याचा पाइप, विजेची तार, रेल्वेचा रूळ जिथे घरापर्यंत एकच येणार आणि नाही आवडलं म्हणून बदलता येणार नाही, तिथे मालकी सार्वजनिकच असावी, आणि जिथे चार दुकानं उघडू शकतात तिथे सरकारने दुकान मांडून बसू नये. हे माझं मत, त्यावर भांडायला तयार आहे. पण मालकी कुणाचीही ठरो, दोन गोष्टींवर तडजोड नको. सरकारने प्रत्येक कामाचा थोडा भाग तरी स्वतःच्या हाताने करत राहावं, म्हणजे ठेकेदार काय थापा मारतोय हे कळणारे लोक पगारावर राहतात. सगळंच काम बाहेर दिलं की पाच-दहा वर्षांत टेंडर लिहायलाही सल्लागार लागतो, आणि तो सल्लागार उद्या कुणाचं काम करेल काय सांगावं. आणि दुसरं, नमुने घेणारी प्रयोगशाळा काम करणाऱ्याच्या हाताखाली नसावी, मग तो काम करणारा सरकारी का असेना, आणि तिचे रिपोर्ट आल्या दिवशी सगळ्यांना बघता यावेत, साहेबांच्या सहीची वाट न बघता.

यावर लगेच कुणीतरी म्हणणार की एवढी माणसं पोसायची म्हणजे खर्च वाढला. वाढेलच की. ब्रिटनमध्ये कॅरिलियन नावाची मोठी ठेकेदार कंपनी होती, दवाखान्यांची बांधकामं, शाळांची जेवणं, तुरुंगांची देखभाल, सगळं तिच्याकडे. जुलै 2017 मध्ये तिने स्वतःच नफ्याबद्दल धोक्याची घंटा वाजवली, त्यानंतरही सरकारी कामं तिला मिळत राहिली. जानेवारी 2018 मध्ये ती कोसळली, ऑक्सफर्डशायरमध्ये शाळेतल्या पोरांना जेवण पोचवायला अग्निशमन दलाला तयार ठेवावं लागलं. लिव्हरपूलचा तिचा अर्धवट दवाखाना 2017 मध्ये उघडायचा होता, तो उघडला ऑक्टोबर 2022 मध्ये, आणि मधे लक्षात आलं की बांधकामातच एवढे दोष आहेत की काही मजले उकलून तुळया आणि खांब पक्के करावे लागणार. खर्चाचा आक्षेप घेणाऱ्यांनी तपासनीसांच्या पगाराचा आकडा जरूर काढावा, फक्त तो या बिलाशेजारी ठेवून छापावा एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक