‘हा’ला निघण्याआधी

सातारा
रविवार, दुपार

चि. अभिजित यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की रेंज गेली, ते मी विचारणार नाही. “आई, तू हल्ली फार घाबरट झालीस,” एवढं मात्र स्वच्छ ऐकू आलं. बाबा म्हणाले, त्याला पत्र लिही, फोनवर तुम्ही दोघं नुसते भांडता. म्हणून लिहायला बसले. त्या चेले ला घाटाचं नाव काढायचं नाही असं ठरवलंय.

तुझं पोस्टिंग भूतानात ‘हा’ला झाल्याचा बाबांना किती आनंद झालाय, ते तुला त्यांच्या आवाजावरून कळायचं नाही. पेन्शनरांच्या कट्ट्यावर तीनदा सांगून झालं. “मी हवालदार म्हणून गेलो, पोरगा मेजर म्हणून चाललाय.” मग इमट्रॅट, म्हणजे आपल्या लष्कराची तिथली प्रशिक्षण तुकडी, 1962 पासून तिथे कशी आहे, इथपासून सुरुवात. ऐकणारे उठून जातात तरी यांचं चालूच. आणि आजीचं आठवतं ना? “कुठं बदली झाली?” “हा.” “हा कोण?” पत्रावर पत्ता 99 एपीओचा, म्हणजे आपल्याच लष्करी टपालाचा, त्यामुळे आपण परदेशात राहतो हे तिला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.

पोचल्यावर पहिल्याच रविवारी इराला पारोचे किल्ले दाखवणार म्हणालास. दाखव की. मी कुठे नको म्हणते? फक्त चेले लावरून नको. चुझोमवरून जा, जिथे दोन नद्या मिळतात आणि तीन तऱ्हांचे तीन स्तूप आहेत. लांब पडतं, पण एवढ्या उंचावर चढायला लागत नाही. बाबांचा हिशोब तुला पाठ असेल: ‘हा’ म्हणजे एकावर एक दोन महाबळेश्वरं आणि चेले ला म्हणजे जवळजवळ तीन. इराला ऑगस्टमध्ये दोनदा नेब्युलायझर लावावं लागलं. छाती तुझीच घेतलीय तिनं. निदान महिनाभर तिथल्या हवेची सवय होऊ दे, मग...

बघ, काढलंच मी नाव. सोड.

आपली ती सहल तुला कितपत आठवते कोण जाणे. 1999 चा ऑक्टोबर, तू दुसरीत होतास. सहा कुटुंबं, युनिटची बस, लंगरातून बांधून दिलेली पुरीभाजी. त्याच वर्षी भूतानात टीव्ही सुरू झाला होता आणि सगळ्या बायका वाटेत त्यावरच बोलत होत्या. पारोत घरांच्या छपरांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. तायडी म्हणाली, “एवढ्या मिरच्यांचा ठेचा कोण खातं?” पारोचा मोठा किल्ला, रिनपुंग, मला आवडला तो त्याच्या लाकडी पुलासाठी. छप्पर असलेला पूल मी तोवर पाहिला नव्हता. किल्ल्यात अर्ध्या भागात कचेऱ्या आणि अर्ध्यात मठ. बाबा त्याला आपल्या हिशेबाने गडच म्हणत होते, आणि वरच्या गोल ता झोंगला टेहळणी बुरूज. ते त्यांचं बरोबरच होतं म्हणा. बुरूजच तो, आता संग्रहालय केलंय.

मग द्रुकग्येल. रस्ता संपतो तिथे, टेकडीवर. तिबेटी फौजांना हरवल्याची खूण म्हणून 1649 साली बांधलेला आणि 1951 च्या आगीत जळालेला. लोण्याच्या दिव्याने पेट घेतला म्हणतात. आपण पाहिल्या त्या काळवंडलेल्या भिंती आणि मधे गुडघाभर गवत. 2016 मध्ये तो परत उभारायला घेतला, म्हणून इराला आपला किल्ला दिसायचा नाही, नवा दिसेल. चढ काही फार नव्हता. पण तुझी छाती सकाळपासूनच शीळ घालत होती. प्रत्येक श्वासाला खांदे वर जायचे आणि गळ्याखाली खळगा पडायचा. अर्ध्यात तू बसलास. बाबा सगळ्यांना सांगत होते, हा दरवाजा खोटा आहे, शत्रू यातून आत शिरायचा आणि चारी बाजूंनी बंद अंगणात सापडायचा. रायगडाचा महादरवाजा जवळ जाईपर्यंत दिसत नाही, यांनी उलटी युक्ती केली, समोर दाखवून फसवलं. बोलत बोलत ते तायडीला घेऊन वर गेलेसुद्धा.

आपण दोघं त्या अंगणातच बसलो. थर्मासमधलं गरम पाणी घोटघोट पाजत होते, पाठीला निलगिरीचं तेल चोळत होते. तू भिंतीला टेकून विचारलंस, “आई, शत्रू इथेच अडकायचा? मग आपण शत्रू का?” आणि त्या दमातही हसलास. मला हसू येईना. वरून तायडी ओरडली, जोमोल्हारी दिसतंय म्हणून. बर्फाचं आख्खं शिखर, ढग नाही की काही नाही. ते बाबा अजून सांगतात. मी वर गेलेच नाही. ‘हा’ला परत येईपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही आणि त्यांना वाटलं मला बस लागली.

पण अभी, राग खरा त्यांच्यावर नव्हता. ही शीळ मला सकाळीच ऐकू आली होती, चेले लावर, बस पताकांपाशी थांबली तेव्हा. बायका फोटो काढत होत्या. तुझे ओठ मला वेगळे दिसले. मला म्हणता आलं असतं, बस परत फिरवा. नाही म्हटलं. सहा कुटुंबं, साहेबांच्या बाई पुढच्या सीटवर, महिनाभर आधी ठरलेली सहल. आपल्या पोरामुळे सगळ्यांचा विरस कशाला, असं वाटलं. लाज वाटली मला. सव्वीस वर्षं झाली, हे मी बाबांनाही सांगितलेलं नाही.

तू म्हणशील, काय झालं मग, बरा झालोच ना. झालास. खडकवासल्याला तर सिंहगडावर पळायला लागलास. शिक्षा म्हणून पाठवत होते हे तू लपवलंस, मी सगळ्यांना ‘ट्रेकला जातो’ म्हणून सांगत होते! पासिंग आउटला तू समोरून गेलास तेव्हा बाबा छाती फुगवून उभे होते आणि मी तुझी छाती बघत होते, खांदे वर जातात का ते. हसू नकोस.

तर गाडी तुझ्या हाताखाली असेल. ड्रायव्हर ‘साहेब’ म्हणेल. इराचा श्वास वाजला तर बरोबर कोण सीनियर आहे, कोणाची बायको आहे, ते बघू नकोस. गाडी फिरव. परत लेक्चर झालं, माहीत आहे. तू आता रोज शंभर माणसं सांभाळतोस, तुला मी काय शिकवणार. पण इराचा श्वासाचा पंप पर्समध्ये ठेवायला मृणालला सांग, डिकीतल्या बॅगेत नको.

शुक्रवारी पार्सल टाकलंय. आळिवाचे लाडू, इराचा तो मरून स्वेटर (बाह्या वाढवल्यात) आणि तोच जुना थर्मास. झाकण जरा सैल आहे, पण पाणी अजून सहा तास गरम राहतं, मी करून पाहिलं.

द्रुकग्येलला गेलात आणि इरा मधेच बसली, तर तिच्यापाशी तू बस. मृणालला वर जाऊ दे.

तुझी,
आई