ताडपत्री खाली, चादर वर

सोलापूर,
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय पक्या,

आईचा बीपी गोळ्यांवर आहे, माझी कंबर जागेवर. हे फोनवर सांगणार होतो, पण तू मधेच ओरडतोस.

बंड्यानं अप्पांच्या जुन्या येझदी मोटारसायकलवर ताडपत्री टाकून सुतळीनं गच्च आवळली होती. आज सोडली तर टाकीवर पाण्याचे थेंब आणि मडगार्डच्या कडेला तांबूस डाग! सल्ला तुझाच होता म्हणे. अरे, ताडपत्री पाऊस अडवते, पण खालून येणाऱ्या ओलीचं काय? पडवीत शहाबादीखाली नुसती माती, शेजारी आड. ती ओल वर येते आणि आत कोंडते. रात्री पारा पंधरा-सोळावर उतरला की पत्रा गार पडतो, त्यावर वाफेचं पाणी होतं. ज्वारीवरचं दव उन्हं आल्यावर उडून जातं, याला जायला वाटच नाही.

आता ताडपत्री गाडीखाली अंथरलीय, म्हणजे ओल तिथंच अडेल. वरून आपली होस्टेलची सोलापुरी चादर. हो, तीच, जिच्यावरून तू भांडला होतास. सुती आहे, वारा खेळतो. डाग डिझेलच्या बोळ्यानं पुसून तेलाचा हात फिरवला.

खरी काळजी टाकीच्या आतली. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला. ही सडली तर तशी टाकी आणायची कुठून? अप्पा म्हणायचे, गाडी उभी करताना टाकी फुल्ल ठेवा. बरोबरच होतं. अर्धी टाकी दिवसा तापून हवा बाहेर सोडते, रात्री आत ओढते, ओलीसकट. पण हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते पाणी धरतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. गंज तिथूनच धरतो. म्हणून टाकी आणि कार्बोरेटर रिकामे केले, टाकीत टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं तेल, घोळवलं. प्लग काढून सिलिंडरमध्येही थोडं सोडलं आणि हळू किक मारून फिरवलं. बॅटरी घरात आणलीय.

आणि 'रविवारी पाच मिनिटं चालू कर' हे पुन्हा बंड्याला सांगू नकोस. पेट्रोल जळतं तेव्हाही पाणी तयार होतं. सायलेन्सर नीट तापला नाही तर ते आतच राहतं. चालवायचीच तर लांब तामलवाडीपर्यंत न्यावी, नाहीतर हात लावू नये. विजापूर रोडवर प्लग भिजला तेव्हाही तू माझं ऐकलं नव्हतंस, वर बोलणं टाकलंस! दोन्ही सायलेन्सरच्या तोंडात तेलाच्या चिंध्या कोंबल्यात, लाल नाडा बांधलाय. काढल्याशिवाय किक मारू नकोस.

रत्नागिरीला पावसाळ्यानंतरच ने. खारा वारा आणि तो पाऊस, दोन्ही एकदम तिला सोसायचे नाहीत. तुझ्या बदलीचं कळलं, फार बरं झालं. चिनूची बारावी कशी चाललीय? वहिनींना कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवतोय. गड्ड्याच्या जत्रेत तुझी सगळ्यांनी आठवण काढली.

बंड्याला तू स्वतः सांग. माझं तो ऐकत नाही, आणि ताडपत्री परत वर चढता कामा नये.

तुझा,
सुध्या