दादाचं बीपी आणि आपलं घर

आइंडहोव्हन, रविवार दुपार

प्रिय आई, बाबा, दादा, वहिनी आणि चिनू,

पत्र सगळ्यांना मिळून लिहितेय कारण जे सांगायचंय ते एकट्या दादाला सांगून काही होणार नाही असं माझं पक्कं मत झालंय. फोनवर विषय काढला की आई म्हणते अगं काही नाही गं, तू तिकडे काळजी करत बसू नकोस, दादा म्हणतो बघू नंतर, आणि शेवटी वहिनीच हळू आवाजात सांगते की ऑफिसच्या चेकअपमध्ये १४८-९६ आलं. तेव्हापासून माझं लक्ष लागत नाहीये. म्हणून नीट बसून लिहितेय, तुम्हीही जेवणं झाल्यावर नीट बसून वाचा.

आधी बीपीचं. एका रीडिंगवरून कुणालाही बीपी आहे असं ठरत नाही, पण म्हणून सोडूनही द्यायचं नाही. डॉक्टर साधारण १४०-९० च्या वर वेगवेगळ्या दिवशी सारखं येत राहिलं तर त्याला हायपरटेन्शन म्हणतात. तर घरी मशीन आहेच, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा आणि वहीत लिहा. पण मोजायचं कसं ते बघा, कारण आपल्याकडे दादा जिना चढून आला की आई लगेच म्हणते बस, बीपी बघते, आणि तो बूट काढता काढता हात पुढे करतो. तसं नको. आधी अर्धा तास चहा नाही, मग खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक टाकायचे नाहीत, पाच मिनिटं शांत बसायचं, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवरून नाही, आणि मोजताना कुणी बोलायचं नाही, बाबा तुम्हीसुद्धा नाही. ती वही घेऊन दादा डॉक्टरांकडे जायचं, गोळी लागेल की नाही ते ते ठरवतील आणि दिली तर ती मनाने बंद करायची नाही. मी खाली जे लिहितेय ते गोळीच्या ऐवजी नाही, ते गोळी असो नसो करायचंच आहे.

आता घराचं. मी गणपतीत आले होते तेव्हा रोज संध्याकाळ बघत होते. दादा बीकेसीहून कुर्ल्याला येतो, तिथून उभ्याने ठाणे, मग शेअर रिक्षाच्या लाइनीत, आणि घरात शिरतो तेव्हा नऊ वाजलेले असतात. बॅग अजून खांद्यावर, एका कानाला फोन, तेवढ्यात आई सोसायटीच्या पाण्याचं सांगते, चिनू प्रोजेक्टचा चार्ट पेपर आणलास का विचारतो, टीव्हीवर चार माणसं एकमेकांवर ओरडत असतात, आणि वहिनी, जी स्वतः ऑफिस करून साडेसातला आलेली असते, ती गॅससमोर उभी. सगळ्यांचं बरोबरच असतं, कुणी मुद्दाम करत नाही, पण त्या माणसाला दिवसभरात श्वास घ्यायला एक जागा मिळत नाही. मग जेवण दहाला, मग परत लॅपटॉप, मग अंथरुणात मोबाइल साडेबारापर्यंत. आणि आई, तू म्हणतेस मला झोप लागत नाही, अगं लागणार कशी, दादाच्या खोलीतला दिवा बंद होईपर्यंत तू जागीच असतेस. म्हणजे ताण एकाचा आणि जागरण चौघांचं. म्हणून म्हणते की दादाने योगा कर, दादाने जिम लाव हे सोडा, घराने मिळून दोन-चार गोष्टी बदलायच्या.

मला हे इथे आल्यावर का सुचलं ते सांगते. पहिल्या हिवाळ्यात माझी झोप पार उडाली होती. इथे डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेचारला गुडूप, म्हणजे अंधारात ऑफिसला जायचं आणि अंधारातच परत. तुम्हाला तेव्हा बोलले नव्हते. इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले, मला वाटलं होतं झोपेची गोळी देतील. बाईंनी गोळी दिलीच नाही, अर्धा वेळ प्रश्नच विचारले, कॉफी शेवटची किती वाजता, दिवसात उजेडात किती वेळ असतेस, फोन रात्री कुठे ठेवतेस, जेवतेस कधी. आणि मग म्हणाल्या एकच गोष्ट बदल, ती जमली की दुसरी. मी दुपारचं चालणं धरलं. आमच्या ऑफिसमध्ये साडेबाराला सगळे डबा खातात आणि मग दोघं-तिघं मिळून बाहेर एक राउंड मारून येतात, पाऊस भुरभुरत असला तरी जॅकेट घालून जातात, मॅनेजरसुद्धा. त्यांना त्याचं काही विशेष वाटत नाही, डब्यानंतर हात धुवायचा तसं ते चालणं. मीही त्यांच्या मागे जायला लागले, दिवसाचा उजेड डोळ्यांवर पडायला लागला आणि काही आठवड्यांनी रात्री अकराला आपोआप डोळे मिटायला लागले.

त्यातून मला एक कळलं की नवीन सवय हवेत लटकत नाही, जी आधीपासून आहे तिला बांधावी लागते. दादा दर एक जानेवारीला पाचचा अलार्म लावतो आणि आठ दिवसांत बंद करतो, त्यात त्याचा दोष नाही, साडेबाराला झोपणारा माणूस पाचला उठून पळूच शकत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ लोकांवर एक अभ्यास झाला होता, २०१० मध्ये छापून आला, त्यांना रोजची एक छोटी गोष्ट निवडायला सांगितली होती, जेवणाबरोबर पाणी पिणं, चालायला जाणं असं काहीतरी. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ मध्ये जमलं तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. म्हणजे ते एकवीस दिवसांचं जे सगळीकडे फिरतं ते धरून बसू नका. आणि त्याच अभ्यासात दिसलं की मधे एखादा दिवस चुकला तर फार काही बिघडत नाही. दादा, हे तुझ्यासाठी आहे, तू एक दिवस चुकला की सगळंच सोडून देतोस.

तर आपल्या घरात काय करता येईल? लहानपणी आजी काय करायची आठवा, बाहेरून कुणीही आलं की आधी हातपाय धू, मग बोल. दिवेलागणीला शुभंकरोति होईपर्यंत घरात कुणी तक्रार काढायची नाही. ते मला परत हवंय. दादा आला की फोन दाराजवळच्या शू-रॅकवर, चार्जर तिथेच लावून ठेवा, मग हातपाय धुऊन त्याने बाल्कनीतल्या खुर्चीत दहा मिनिटं बसायचं आणि तेवढा वेळ त्याला कुणी काहीही विचारायचं नाही. पाणी, चार्ट पेपर, मेन्टेनन्स, सगळं दहा मिनिटांनी. टीव्हीवरची डिबेट त्या वेळात बंद, बाबा प्लीज. वहिनी घरी आल्यावर तिलाही हेच दहा मिनिट, तिचे आधी, कारण ती आधी येते, आणि त्या वेळात चहा आई किंवा बाबा करतील. हे मी अगदी मनापासून लिहितेय, वहिनीचं बीपी कुणी मोजलेलंच नाही. त्याच आठवड्यात तिचंही मोजा.

त्या दहा मिनिटांत करायचं काय, तर श्वास. काही मोठं नाही, नाकाने सावकाश आत घ्यायचा, आणि सोडताना घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, मिनिटाला साधारण सहा श्वास होतील इतकं हळू. श्वास सोडताना हृदयाची गती जरा कमी होते, व्हेगस नावाची नस आहे तिच्यामुळे, म्हणून लांब सोडलं की शरीराला कळतं की आता धावायचं नाहीये. हे काही परदेशी फॅड नाही, आपल्याच लोणावळ्यात कैवल्यधाममध्ये १९२४ पासून प्राणायामावर प्रयोगशाळेत अभ्यास चालू आहे, स्वामी कुवलयानंदांनी सुरू केलं ते. बाबांना भ्रामरी येते, त्यांनी चिनूला शिकवावी, त्याला तो भुंग्यासारखा आवाज फार आवडेल आणि परीक्षेच्या आधी उपयोगी पडेल.

दुसरं चालणं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं जोरात चालायला सांगते, म्हणजे रोजची वीस-बावीस. दादा, स्टेशनवरून पाचपाखाडी काही लांब नाही रे. रिक्षाच्या लाइनीत तू जेवढा वेळ उभा असतोस तेवढ्यात अर्ध्या रस्त्यात पोचशील. गोखले रोडला गर्दी असते, फुटपाथवर सामान मांडलेलं असतं, मान्य आहे, पावसाळ्यात तर शक्यच नाही, पण बाकीच्या महिन्यांत आठवड्यातून तीनदा तरी चालत ये आणि येताना कानात कॉल नको. आणि जेवण झाल्यावर लगेच सोफ्यावर न बसता तू आणि वहिनी सोसायटीच्या आवारात दहा-पंधरा मिनिटं फिरा. जेवणानंतर चाललं की रक्तातली साखर एकदम वर जात नाही, आणि खरं सांगू, तुम्हा दोघांना दिवसभरात एकमेकांशी बोलायला तेवढाच वेळ मिळेल. बाबा, तुम्ही कचराळी तलावावर फिरायला रोज जाताच, आईलाही घेऊन जा. ती म्हणेल गुडघा दुखतो, तर तिच्या चालीने चाला आणि मधे बाकावर बसा.

तिसरी गोष्ट रात्रीची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते आणि दादा पाच-साडेपाचवर चाललाय कितीतरी वर्षं. साडेदहाला घरातले सगळे फोन त्याच शू-रॅकवर, आईचाही, कारण आई तू रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर बातम्या बघतेस आणि मग सगळ्यांची काळजी करत पडतेस. अलार्मसाठी साधं घड्याळ आणा. दादा म्हणेल की रात्री ऑफिसचं डोक्यात घोळत राहतं. त्यावर एक उपाय आहे, झोपायच्या आधी पाच मिनिटं उद्याची कामं कागदावर लिहून काढायची, पेनाने. अमेरिकेत बेलर युनिव्हर्सिटीत हे करून पाहिलंय, २०१८ मध्ये आलं ते, ज्यांनी उद्याची कामं लिहिली त्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. नऊ मिनिटं कमी वाटतील, पण अंधारात छताकडे बघत पडलेल्या माणसाला विचार ती केवढी असतात. मी स्वतः लिहिते, उशीजवळ छोटी वही आहे माझी.

चहाचंही बोलूनच टाकते. कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास जातात, म्हणजे ऑफिसमधली सहाची कडक कॉफी रात्री अकराला अर्धी अंगात असतेच. चारनंतर कॉफी नको. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत सांगतात, म्हणजे पापड, लोणचं, फरसाण, चिनूचे वेफर्स सगळं धरून एक छोटा चमचा. आई, तुझ्या हातच्या लोणच्याला मी कधी नाही म्हणणार नाही पण बरणी टेबलावरून उचलून कपाटात ठेव, मागितलं तरच दे.

हे सगळं वाचून घाबरू नका, एकदम सगळं नाही करायचं. पहिला महिना फक्त ती आल्यावरची दहा मिनिटं आणि साडेदहाला फोन बाहेर. ते रुळलं की चालणं, मग बाकीचं. आणि दादा, एक शेवटचं तुला. तू मागे म्हणालास की कधी कधी लोकलमध्ये उभं असताना उगाच रडू येईल असं वाटतं. मी ते विसरले नाहीये. तसं परत झालं तर माझ्या वेळेचा विचार न करता फोन कर, आणि मला नाही सांगावंसं वाटलं तर १४४१६ आहे, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. असा फोन करण्यात कमीपणा काही नाही, डोळे दुखले तर आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातोच ना.

पुढच्या रविवारी तुमच्या अडीचला व्हिडिओ कॉल करते, तेव्हा वही समोर घेऊन बसा, आठवड्याचे आकडे मला वाचून दाखवा. दोघांचे. डॉक्टरांची अपॉइंटमेंट बाबा तुम्ही घ्या, दादावर सोडू नका.

आई-बाबांना नमस्कार, चिनूला खूप पापा.

तुमची,
मनू

ता. क. आई, कचराळीला चपलेवर जाऊ नकोस. वहिनीबरोबर राम मारुती रोडला जाऊन चालायचे बूट घे, पुढे बोटांना जरा जागा असलेले, आणि संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात म्हणजे माप बरोबर येतं. पैसे मी दादाला पाठवलेत.