चाळीस आऱ्यांचं चाक

प्रिय आई-बाबा,

सायकल घेतली. फोनवर सांगितलं असतं तर आईने पहिल्याच वाक्याला "आधी वजन कमी कर, मग घे" म्हटलं असतं आणि पुढचं सगळं राहून गेलं असतं, म्हणून लिहितेय. आई, वजन उतरायची वाट मी सात वर्षं पाहिली गं. आता आहेत त्या १०४ किलोंना पेलेल अशी सायकल शोधली.

बाबा, एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. मागच्या वर्षी मी एक वापरलेली रोड सायकल घेतली होती. दिसायला देखणी, एका हाताने उचलावी इतकी हलकी. विकणारा म्हणाला, काही होत नाही, बिनधास्त चालवा. दोन महिन्यांत मागच्या चाकाचे तीन आरे तुटले. दर वेळी टण्णकन आवाज, मग चाक ब्रेकला घासायचं आणि मी सायकल ढकलत घरी. आपल्याच अंगाचा दोष, असं वाटून गप्प बसले. तिसऱ्यांदा मात्र रस्त्याच्या कडेला बसून आरे मोजले. मागे फक्त २०! आणि तुमची काळी सायकल आठवली. पुढे ३२, मागे ४०. फडक्याने पुसताना मीच मोजायचे. तिच्यावर तुम्ही, दांडीवर मी, कॅरिअरवर आई; कधी आरा तुटल्याचं आठवत नाही.

मग कारण वाचलं. चाक फिरताना जो आरा खाली येतो, त्याचा ताण क्षणभर सैल पडतो आणि वर जाताना पुन्हा भरतो. किलोमीटरला साधारण पावणेपाचशे वेळा. बसणारा जड आणि आरे कमी असले की ही सैल-घट्ट जास्त होते आणि आरा चाकाच्या मधोमध, हबपाशी, जिथे वाकलेला असतो तिथे थकून तुटतो. तार वाकवून वाकवून तोडतो ना, तसंच.

या वेळी दुकानात रंग बघायच्या आधी माहितीपुस्तिका मागितली. त्यात वजनाची मर्यादा असते, आणि ती नुसत्या माणसाची नसते. माणूस, सायकल, पाण्याची बाटली, पिशवी, सगळं धरून. मला आवडलेल्या कार्बनच्या सायकलची मर्यादा १२० होती. माझी बेरीज ११८ झाली. दोन किलोंच्या भरवशावर खड्डे कोण घेणार? (कार्बन कच्चं असतं असं नाही, बरं का. ती सायकलच तेवढ्यासाठी बनवलेली नव्हती.) शेवटी ॲल्युमिनियमची घेतली. मर्यादा १३०, चाकांना ३२-३२ आरे, डिस्क ब्रेक. किलोभर जड आहे, पण माझ्यासारखीने सायकलचा एक किलो वाचवण्यासाठी पैसे मोजणं म्हणजे विनोदच.

टायर ३२ मिलिमीटरचे आहेत. बारीक टायरमध्ये हवा जरा कमी पडली की खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. तो अनुभव घेऊन झालाय. चढासाठी पुढची लहान चकती ३४ दातांची, मागची सगळ्यात मोठीही ३४ची, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा. वेग चालण्याहून थोडाच जास्त, पण उतरावं लागत नाही. हँडल थोडं उंच आहे, नाहीतर वाकल्यावर पोट मांड्यांना लागतं आणि श्वास पुरत नाही. हे कुठल्याच जाहिरातीत लिहीत नाहीत.

आई, तू म्हणशील सीट तरी गुबगुबीत घ्यायची. घेऊन पाहिली होती. मऊ गादीत माणूस रुततो आणि नको तिथे दाब येतो. सीटची रुंदी बसायच्या हाडांमधल्या अंतरावरून ठरते, वजनावरून नाही. माझं अंतर दुकानात मोजलं. लाज वाटली, पण मोजू दिलं.

काल २२ किलोमीटर झाले. धाप लागली, एका चढावर दोनदा थांबले, आरा एकही तुटला नाही.

बाबा, नवीन चाकाचे आरे थोड्या दिवसांत जागेवर बसतात, मग एकदा आऊट काढून घ्यावी लागते, म्हणजे आरे कमी-जास्त घट्ट करून चाक सरळ करायचं. तुमच्या अवजारांच्या डब्यात ती खाचांची गोल चावी असायची. अजून असेल तर काढून ठेवा. पुढच्या महिन्यात सायकल घेऊनच येते. तुम्ही चाक फिरवा, मी चावी धरते.

तुमची,
ताई